उताणी होडी

पहिन्याच्या वळणावर गाडी थांबली तेव्हा ज्योत्स्नाला वाटलं, असेल पाच-दहा मिनिटांचं काम. पावसाळ्यातला रविवार म्हटला की त्या रस्त्याला गर्दी असतेच. नाशिकहून पोरंपोरी येतात, डोंगरावरून पडणाऱ्या पाण्याखाली भिजतात, मक्याची कणसं खातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी घरी जातात. गाड्या रस्त्यातच उभ्या करतात, हीच काय ती अडचण.

पिकअप तिच्या सासऱ्याची, गोटीरामची. एरवी गिरणाऱ्याहून टोमॅटो भरायचे आणि नाशिकच्या मार्केटला टाकायचे, हे त्या गाडीचं काम. आज मागं टोमॅटो नव्हते. अंबडच्या वेल्डरकडून चौकोनी पाइपांचं उंच कॅरियर करून घेतलं होतं, टपाच्याही पुढं येणारं, आणि त्यावर तीन होड्या होत्या. दोन कयाक आणि एक कॅनो. कयाक दुसऱ्या पोरींच्या, त्यांच्या शर्यती उद्या. कॅनो ज्योत्स्नाची. तिची निवड चाचणी आजच, गंगापूर धरणावर, आणि बाराच्या आत होडीसकट तिथं हजर व्हायचं होतं. होडी मोजतात, वजन करतात, मगच पाण्यात सोडतात.

लग्नाआधी ज्योत्स्ना राज्याकडून वल्हं मारून आलेली. लग्न झालं आणि वल्हं माळ्यावर गेलं. दोन वर्षांनी तिनं पुन्हा विषय काढला तेव्हा नवरा, अमित, म्हणाला होता, "एकदा बघ. या वेळी निवड झाली नाही तर मात्र परत नाव काढायचं नाही." सासू काही बोलली नव्हती, म्हणजे नकोच म्हणाली होती. मध्ये पडला तो गोटीराम. "मी नेतो, मी आणतो," एवढंच म्हणाला. त्यामुळं वैतरणेच्या पाण्यावर सरावाला जायचं तर सासऱ्याबरोबर, यायचं तर सासऱ्याबरोबर. उपकारच होते ते. पण या उपकाराला कडी होती आणि ती बाहेरून लागत होती, असं तिला कधी कधी वाटायचं.

"काय वो मामा, पुढं काही दिसतंय का?" तिनं विचारलं.

"बसचं बूड दिसतंय," गोटीराम म्हणाला. "लय सुंदर हाय. बघ तूपण."

समोरून एक ट्रॅव्हल्सची बस उलटी घुसत होती. तिला वाट द्यायला गोटीरामनं गाडी डावीकडं घेतली, अगदी डोंगराच्या कडेला. डावी चाकं मुरमाच्या ढिगावर चढली आणि गाडी उजवीकडं कलली. ट्रॅव्हल्स गेली, पण तोवर मागून एक फुलांचा टेम्पो येऊन चिकटला, पुढच्या बसनं मागं थोडं घरंगळून जागा खाल्ली, आणि पिकअप होती तिथं पाचरीसारखी बसली. आणि नेमकी त्या जागी डोंगरावरून धार पडत होती. फार मोठी नव्हे, मनगटाएवढी. पण ती सरळ होड्यांत पडत होती.

टपावर आवाज सुरू झाला. आधी पत्र्यावर खडे पडावेत तसा, मग मडक्यात पाणी भरताना येतो तसा.

होड्या उताण्या होत्या.

सकाळी वैतरणेच्या काठावर तिनं म्हटलं होतं, "मामा, पालथ्या घालू. सगळीकडं पालथ्याच नेतात. वाटेत पाऊस आला तर भरतील."

गोटीरामनं तिच्याकडं न बघता दोर उलगडला होता. "आपल्या घरात होडी पालथी कधी नेतात, ठाऊक हाय ना तुला?"

ठाऊक होतं. त्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. धरणात मासे धरणारं घर ते. गोटीरामचा धाकटा भाऊ रावजी जाळं काढताना बुडाला तेव्हा त्याला बैलगाडीत घालून वर त्याचीच होडी पालथी टाकून आणलं होतं. तशीच रीत होती त्यांच्यात. होडी पालथी करायची ती मालक गेला म्हणजे. दहा दिवस ती अंगणात तशीच पडून असायची, पोरं तिच्यावर बसली तर मार खायची. एरवी होडी किनाऱ्याला ओढली तरी उताणी. पाणी साचलं तर उपसायचं, पण पालथी घालायची नाही. जित्या माणसाच्या डोक्यावर तर नाहीच नाही. आता या रीतीपुढं प्रशिक्षकांनी शिकवलेलं काय बोलायचं? ज्योत्स्ना गप्प बसली होती. त्या घरात गप्प बसायची तिला सवय होत चालली होती.

दुसरी गोष्ट दोराची. टोमॅटोच्या गाड्या रात्री-पहाटे चालतात. चढाला गाडी हळू झाली की मागून चढून कोणी दोर सोडतं, दोन क्रेट खाली ओढतं. म्हणून मार्केटचे जुने ड्रायव्हर पुढच्या दोराची गाठ बाहेर ठेवतच नाहीत. दोर मालावरून टाकायचा, दोन्ही खिडक्यांतून आत घ्यायचा, माणसं आत बसली की दारं लावायची, आणि मग सीटच्या मागं दोन्ही टोकं बांधून दांडक्यानं पीळ द्यायचा. गाठ आपल्या पाठीशी. कोण सोडतोय बघू. गोटीरामनं होड्याही तशाच बांधल्या होत्या. पाऊस आत येऊ नये म्हणून काचा दोरापर्यंत वर घेतल्या होत्या. दारं उघडायची तर आधी पीळ सोडायला हवा. पण टोमॅटो घेऊन जाताना गिरणाऱ्याच्या वाटेवर मध्येच उतरायचं कोणाला असायचं!

"मामा, होड्या भरताहेत."

"कळतंय मला."

"पीळ सोडा. मी उतरते आणि होड्या कलंडवून पाणी काढते."

गोटीराम वळला, सीटवर गुडघा टेकून मागच्या दांडक्याला हात घातला. दांडकं हललं नाही. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला. मानेच्या शिरा वर आल्या. वर पाण्याचं ओझं झालं होतं, गाडी कललेली, त्यामुळं कॅरियर उजव्या अंगाला, रस्त्याकडं, झुकत होतं. सगळा भार त्या एका दोरावर आला होता. दोर वीणेच्या तारेसारखा ताणला होता. ज्योत्स्नानं बोट लावून पाहिलं, तर त्याची थरथर हातात आली.

मग काच. उजवी काच दोर आणि चौकटीच्या मध्ये अशी आवळली होती की हँडल फिरेना. डावीकडची काच फिरली, पण खाली घेतल्याबरोबर पाणीच आत आलं, आणि पलीकडं वीतभर अंतरावर काळा दगड. तिनं ओल्या हातानं काच परत वर घेतली.

"विळा आहे गाडीत?" तिनं विचारलं.

"हाय की. सीटखाली."

"मग कापू दोर."

गोटीरामनं उजव्या काचेतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर रस्त्यावर माणसंच माणसं. भिजलेली पोरं, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, छत्रीखाली कणीस खाणारं म्हातारं जोडपं. "दोर तुटला की हे सगळं त्यांच्या टाळक्यात. तीन होड्या पाण्यासकट. कापू?"

सीटखाली गेलेला हात तिनं मागं घेतला.

टपाचा पत्रा टण्णकन वाजला आणि मध्ये एक खड्डा खाली आला. कॅरियरची पुढची आडवी पाइप टपाला टेकली होती. ज्योत्स्नानं आपोआप मान खाली घेतली. पत्रा तिच्या वेणीला लागत होता. केबिनमध्ये ओल्या दोराचा, डिझेलचा आणि गोटीरामच्या तंबाखूचा वास कोंडला होता. काचांवर वाफ धरली. सासरा आणि सून, मध्ये गिअरचा दांडा, डोक्यावर पाणी. तिला वाटलं, आपण मोठ्यानं ओरडू. पण सासऱ्याच्या शेजारी बसून ओरडायचं कसं, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं आणि नाकानं श्वास घेत राहिली, शर्यतीआधी घ्यायची तसा.

बाहेरच्या पोरांना आता मजा दिसली होती. "ए, बघ ना, पिकअपवर स्विमिंग पूल!" एकानं मोबाइल काचेला लावला. "काका, तिकीट किती?"

"तुझ्या बापाला विचार!" गोटीराम आतून ओरडला. पण काच वर, बाहेर हॉर्न. पोरांना फक्त त्याचं तोंड हललेलं दिसलं, आणि ती आणखी हसली.

मागच्या टेम्पोचा हॉर्न चालूच होता. शेवटी टेम्पोवाला स्वतःच उतरून आला. उंच, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली. काचेवर थापटी मारून म्हणाला, "ओ, डबा काढा ना बाजूला! माझी फुलं कोमेजली," आणि दोराशेजारच्या फटीतून आत वाकून बघितलं. "गोटीनाना? तुम्ही?"

"नवनाथ, हॉर्न बंद कर रे बाबा आधी. वाजला की पत्रा हलतोय."

नवनाथ मार्केटचाच. दोराची ती गाठ त्यालाही ठाऊक होती, त्यामुळं समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं वर बघितलं, दोर बघितला, आणि कपाळावर हात मारला. "नाना, टोमॅटोला बांधायची गाठ होडीला बांधली? होडी काय चोर खाणार होते?"

"शहाणपण मागून शिकव. वरचं पाणी काढ."

"मी चढलो तर माझ्या वजनानं आख्खं खाली येईल. नव्वद किलो हाय मी."

तेवढ्यात ज्योत्स्नाचा फोन वाजला. रूपालीताई, तिच्या प्रशिक्षक. त्या पहाटेच सगळ्यांची वल्ही जीपमध्ये घेऊन पुढं गेल्या होत्या. "ज्योत्स्ना, कुठं आहेस? इथं नावं पुकारायला लागलेत."

"ताई, पहिन्यात अडकलोय. गाडीतून उतरताच येत नाहीये."

"म्हणजे?"

ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. "होड्यांत पाणी भरलंय," ती म्हणाली.

मग ताई म्हणाल्या, "मी मागं येते जीप घेऊन. त्र्यंबकच्या बाजूला पोलिसांनी गाड्या अडवल्यात, तिथवर पोचेन. तिथपर्यंत होडी आण. कशीही आण. चाचणीच्या साहेबांना मी सांगून ठेवते, पण बारानंतर ते माझंही ऐकणार नाहीत."

फोन बंद झाला. गोटीरामनं सगळं ऐकलं होतं. त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोरच्या बसच्या बुडाकडं बघत राहिला. "माझीच चूक हाय," असं काही तो म्हणाला नाही. म्हणाला ते एवढंच, "तू सकाळी परत एकदा का नाय बोललीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतं?"

"नाय."

"मग?"

रस्त्याच्या पलीकडं निळ्या कागदाखाली एक बाई कणसं भाजत होती. वाळकी, काटक, साठीची असेल. नवनाथ तिच्याकडं गेला, हातवारे करून काही बोलला. बाईनं शेगडीवर तवा झाकला, मीठ कालवायचं पातेलं रिकामं केलं, पदर खोचला आणि आली. गाडीच्या मागच्या फाळक्यावर पाय ठेवून ती वर चढली, चढली म्हणजे नुसती सरकली. गाडी हललीसुद्धा नाही. नवनाथ खालून कौतुकानं म्हणाला, "सांभाळून हां चिमणाबाई."

"तू तुझं पोट सांभाळ," वरून आवाज आला.

आणि मग पातेल्याचा आवाज. खरड, छप्प. खरड, छप्प. उजव्या काचेवरून पाण्याचे लोट वाहायला लागले. बाहेरची पोरं मागं सरली. चिमणाबाई उपसत होती आणि तोंडानं थांबत नव्हती.

"कोणी ठेवली रं या उताण्या? होडी काय पाणी भरायला मांडलीय? पाऊस, धार, आणि उताणी होडी! पालथी घालायला काय हात मोडले व्हते?"

गोटीरामनं डावी काच थोडी खाली केली आणि दगडाकडं तोंड करून ओरडला, "आमच्यात नाय घालत!"

"तुमच्यात काय घालतात मग? सुनेला डब्यात?"

ज्योत्स्नाला अचानक हसू आलं. तिनं ते ओढणीत दाबलं, पण खांदे हलले. गोटीरामनं तिरक्या नजरेनं बघितलं. रागावेल असं वाटलं. तो म्हणाला, "जीभ लय लांब हाय बाईची," आणि परत दांडक्याकडं वळला.

पहिली होडी अर्धी रिकामी झाली तेव्हा दोराची थरथर थांबली. दुसरीला चिमणाबाईनं पायानं रेटा देऊन कलंडवलं तेव्हा पत्र्याचा खड्डा परत टण्णकन वर गेला. गोटीरामनं दांडकं दोन्ही हातांत धरलं, ज्योत्स्नानंही धरलं, त्याच्या हातांच्या वर तिचे हात, आणि दोघांनी मिळून ते उलटं फिरवलं. एक फेरा सुटला. मग दुसरा. मग दोर सैल पडून त्यांच्या मांडीवर आला, ओला आणि जड.

नवनाथनं बाहेरून उजवं दार ओढलं. ते सहज उघडलं नाही, चौकट वाकली होती, पण उघडलं. गोटीराम उतरला. त्याच्यामागून ज्योत्स्ना गिअरच्या दांड्यावरून सरकत बाहेर आली आणि रस्त्यावर उभी राहिली. गार वारा लागला. तिला वाटलं, आता इथंच बसावं. पण तिनं घड्याळ बघितलं आणि पुढची रांग बघितली. बसच्या पुढं दुसरी बस, तिच्या पुढं गाड्या, वळणापर्यंत आणि वळणाच्याही पलीकडं. हलणारं एकही चाक नव्हतं.

म्हणजे केबिनचं दार उघडलं होतं, रस्ता नव्हता उघडला.

तिनं चाकावर पाय ठेवला, कॅरियरवर चढली आणि आपल्या कॅनोची दोरी सोडायला लागली.

"काय करतीस?" गोटीराम म्हणाला.

"नेते."

"कुठं?"

"ताईंच्या जीपपर्यंत. चौदा किलोची आहे मामा. उचलते मी. रोजच उचलते."

चिमणाबाईनं वरून एक टोक धरून दिलं, नवनाथनं खालून घेतलं. होडी खाली आली. ज्योत्स्नानं ती खांद्यावर घेतली आणि बसच्या आणि एका मोटारीच्या मधल्या फटीत शिरली. लगेच होडीचं पुढचं टोक बसच्या आरशाला लागलं, मागचं मोटारीच्या काचेला. आतला माणूस ओरडला. ती मागं आली. खांद्यावर होडी आडवी-तिरकी होत होती. एवढ्या गर्दीतून तशी जाणार नव्हती. जायची तर डोक्यावर, सरळ, माणसांच्या आणि आरशांच्या वरून. आणि डोक्यावर घ्यायची तर एकाच तऱ्हेनं घेता येते.

तिनं गोटीरामकडं बघितलं. त्यालाही ते कळलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "मी परत विचारत नाही."

तिनं होडी दोन्ही हातांनी उचलली, फिरवली आणि पालथी करून डोक्यावर घेतली. आत अंधार झाला. होडीच्या कडेखालून फक्त रस्ता दिसत होता. चिखल, खाऊन टाकलेली कणसं, माणसांचे पाय. उरलेलं पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरलं. ती चालायला लागली.

"बाजू द्या! होडी येतीये!" कोणीतरी ओरडलं. माणसं बाजूला होत होती, ते तिला पायांवरून कळत होतं. ती मोजून पावलं टाकत होती, पण होडी लांब, आणि वारा वळणावर आडवा येत होता. मागचं टोक झोकांडी खात होतं. एकदा ते एका टपाला घासलं आणि तिचा तोल गेला. गुडघा टेकतोय की काय, असं झालं. फुटली तर? तडा गेला तर वजनाला लावायच्या आधीच ती बाद.

मग अचानक होडी हलकी झाली. मागचं टोक स्थिर झालं. तिला वळून बघता येत नव्हतं. तिनं कडेखालून मागं बघायचा प्रयत्न केला, तर टायरच्या चपला दिसल्या, चिखलानं माखलेल्या, आणि धोतराचा काठ.

"मामा?"

"चाल."

"गाडी?"

"नवनाथला दिली चावी. चाल, बोलू नको, पाय बघ."

आवाज तिच्या पाठीमागून नव्हे, तिच्याच अंधारातून येत होता. म्हणजे त्यानंही टोक हातांत नव्हतं धरलेलं. डोकं आत घातलं होतं.

दोघं चालत राहिली. त्याच्या श्वासाचा घरघर आवाज होडीच्या पोटात घुमत होता. तिला एकदा वाटलं, थांबावं, त्याला बसवावं. पण थांबली असती तर त्यानं परत डोकं आत घातलं असतं, याची तिला खात्री नव्हती.

"रावजीला आणला," तो मध्येच म्हणाला, "तवा गाडी मीच हाकली. त्याच्या होडीकडं मागं वळून बघितलं नाय म्या. आख्खी वाट बैलांच्या शेपटाकडं बघत आलो."

ती म्हणाली, "डावीकडं खड्डा आहे मामा."

"दिसला."

तिच्या खिशातला फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजायला लागला. हात मोकळा नव्हता.

"अमित असंल," गोटीराम म्हणाला.

"घ्यायला पाहिजे."

"वाजू दे. मी सांगंन काय सांगायचं ते."

वळण संपलं. गाड्यांची सावली गेली आणि कडेखालचा रस्ता उजळ झाला. मग त्या उजेडात पांढरे बूट पळत आलेले दिसले. रूपालीताईंचे. "आण, आण, इकडं दे," त्या धापा टाकत म्हणत होत्या. त्यांनी पुढचं टोक धरलं. ज्योत्स्नानं डोकं बाहेर काढलं. उजेड डोळ्यांना बोचला. पोलिसांनी दोर आडवा बांधला होता, त्याच्या पलीकडं मोकळा रस्ता, आणि कडेला जीप उभी. जीपच्या टपावर कॅरियर होतं.

मागं गोटीराम अजून होडीखालीच होता. सावकाश त्यानंही डोकं बाहेर काढलं. टोपी कुठं तरी पडली होती. केस पाण्यानं कपाळाला चिकटले होते. त्यानं होडीच्या तळावर एकदा हात फिरवला, मग जीपच्या टपाकडं बघितलं.

"ही वर कशी ठेवणार?" त्यानं ताईंना विचारलं.

ताईंनी ज्योत्स्नाकडं बघितलं. ज्योत्स्ना म्हणाली, "पालथी, मामा."

गोटीराम पुढं झाला, होडीचं टोक टपावर चढवायला खांदा दिला आणि म्हणाला, "मग दोर पुढं बंपरला बांधा. आत नका घेऊ."